कयाक सुरक्षादोरी

कयाक सुरक्षादोरी ही कयाक चालवणारी व्यक्ती, तिचे वल्हे आणि नाव यांपैकी कोणत्याही दोहोंना एकमेकांशी जोडून ठेवणारी आखूड दोरी होय. जलक्रीडेच्या क्षेत्रात तिला ‘लीश’ म्हणतात आणि हाच शब्द भारतातही रूढ आहे. नाव उलटल्यावर वल्हे किंवा नाव वाऱ्याने दूर वाहून जाऊ नये, हा तिचा मुख्य हेतू असतो. शांत जलाशय, रुंद खाडी व खुला समुद्र या ठिकाणी ती उपयुक्त ठरते. मात्र वेगाने वाहणाऱ्या नदीत, बंधाऱ्याजवळ किंवा फुटणाऱ्या लाटांमध्ये तीच दोरी अडकून चालकाला पाण्याखाली धरून ठेवू शकते. त्यामुळे दोरी किती मजबूत आहे यापेक्षा ती कशाला बांधली आहे, शरीराच्या कोणत्या भागाला बांधली आहे आणि गरज पडताच ती कशी सुटते, या गोष्टी अधिक महत्त्वाच्या मानल्या जातात.

पार्श्वभूमी

कयाक ही मूळची आर्क्टिक प्रदेशातील इन्युइट व त्यांच्याशी संबंधित लोकांची शिकारीची नाव. लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ती बनवली जाई. ग्रीनलंडमधील शिकारी हार्पूनला लांब दोर बांधत; परंतु त्या दोराचे दुसरे टोक नावेला किंवा स्वतःच्या शरीराला न बांधता सीलच्या कातड्याच्या फुगवलेल्या पिशवीला बांधत. भाला लागलेले जनावर बुडी मारून पळू लागले, तरी त्याच्याबरोबर पिशवी ओढली जाई, माणूस नव्हे. नावेच्या पुढील भागावर वेटोळे करून ठेवलेला हा दोर सुटताना शिकाऱ्याच्या हाताभोवती गुंतला, तर नाव उलटण्याचा धोका असे. दोर कोठे बांधावा आणि कोठे बांधू नये, हा आजच्या सुरक्षादोरीबाबतचा प्रश्न अशा रीतीने कयाकइतकाच जुना आहे.

सुरक्षादोरीचे आजचे रूप बऱ्याच अंशी सर्फिंगच्या खेळातून आले. १९७० च्या दशकापूर्वी लाटेवरून पडलेल्या खेळाडूला आपली फळी आणण्यासाठी किनाऱ्यापर्यंत पोहत जावे लागे आणि सुटलेली फळी इतरांवर आदळण्याची भीती असे. १९७१ च्या सुमारास कॅलिफोर्नियातील पॅट ओ’नील यांनी फळी व खेळाडू यांना जोडणारी लवचीक दोरी वापरात आणली. त्यासाठी त्या काळी शस्त्रक्रियेत वापरली जाणारी रबरी नळी घेतली जाई. ही नळी प्रमाणाबाहेर ताणली जाऊन फळी वेगाने मागे येत असे. पॅट यांचे वडील, वेटसूट या पोशाखाच्या निर्मितीसाठी प्रसिद्ध असलेले जॅक ओ’नील यांना त्याच वर्षी अशा प्रकारे उलट आलेल्या फळीच्या आघाताने एक डोळा गमवावा लागला. पुढे रबरी नळीची जागा कमी ताणल्या जाणाऱ्या पॉलियुरेथेनच्या दोरीने घेतली. सर्फिंगमधून ही दोरी सर्फ-स्की, उभ्याने वल्हवण्याची फळी आणि कयाक या साधनांकडे आली.

आवश्यकता

नाव उलटल्यावर चालक पाण्यात पडतो, तेव्हा त्याच्या शरीराचा बहुतेक भाग पाण्याखाली असतो. रिकामी झालेली हलकी नाव मात्र पाण्याच्या वर तरंगते आणि वाऱ्याला मोकळी मिळते. वारा तिला जितक्या वेगाने ढकलतो, तितक्या वेगाने लाइफ जॅकेट घातलेल्या माणसाला पोहणे सहसा शक्य होत नाही. हात सुटल्यापासून काही सेकंदांतच नाव हाताबाहेर जाऊ शकते. खुल्या समुद्रात नाव गमावणे म्हणजे तरंगण्याचे, परतण्याचे आणि दुरून दिसण्याचे साधन एकाच वेळी गमावणे होय. पाण्यातील एकटे डोके शोधपथकाला दिसणे अवघड असते, तर रंगीत नाव त्यामानाने लवकर दिसते.

थंड पाण्यात ही अडचण अधिक गंभीर होते. शीतजलातील अपघातांविषयी १-१०-१ हे सूत्र शिकवले जाते. अतिथंड पाण्यात पडल्यावर श्वास ताब्यात आणण्यासाठी सुमारे १ मिनिट लागते, हातपाय उपयोगी पडतील अशी हालचाल सुमारे १० मिनिटे करता येते आणि शरीराचे तापमान घसरून बेशुद्धी येण्यास सुमारे १ तास लागतो, असा त्याचा अर्थ आहे. बोटांतील पकड सैल पडत असताना नाव केवळ हाताने धरून ठेवणे कठीण असते. अशा वेळी दोरीचा आधार मिळतो.

प्रकार

वल्ह्याची दोरी – ही दोरी वल्ह्याचा दांडा आणि नावेवरील कडी यांना जोडते. तिची लांबी साधारणपणे एक ते दीड मीटर असते. छायाचित्र काढताना, पाणी पिताना किंवा साथीदाराला मदत करताना वल्हे हातातून सुटले, तरी ते नावेजवळच राहते. नाव उलटली असता चालकाने केवळ वल्हे धरून ठेवले, तरी नावही आपोआप हाती राहते. काही जण दोरीचे दुसरे टोक नावेऐवजी मनगटाला बांधतात. त्यामुळे वल्हे राहते. परंतु नाव जाऊ शकते, शिवाय हात गुंतण्याचा धोका वाढतो.

नावेची दोरी – ही दोरी चालकाचे शरीर आणि नाव यांना जोडते. सर्फ-स्की आणि बैठक उघडी असलेल्या कयाकमध्ये, विशेषतः वारा असलेल्या समुद्रात, ती पायाला किंवा कमरेला बांधतात. पाण्यात पडलेल्या चालकाचे शरीर नावेसाठी तरंगत्या नांगरासारखे काम करते आणि नावेचा वेग रोखते. ज्या कयाकमध्ये चालक आत बसून कमरेभोवती जलरोधक आवरण लावतो, तिच्यात अशी दोरी सहसा वापरत नाहीत. उलट्या नावेतून बाहेर पडताना ती पायात अडकण्याची शक्यता असते.

ओढदोरी – थकलेल्या किंवा जखमी साथीदाराची नाव ओढून नेण्यासाठी ही दोरी वापरतात. ती कमरपट्ट्यातील पिशवीत भरलेली असते. समुद्रात वापरली जाणारी ओढदोरी सुमारे दहा ते पंधरा मीटर लांब असते. लाटांचे धक्के शोषण्यासाठी तिच्यात लवचीक भाग आणि टोकाची कडी बुडू नये म्हणून छोटा तरंगता ठोकळा बसवलेला असतो. दोन्ही नावा लाटांवर वेगवेगळ्या वेगाने चालत असल्याने ओढणाऱ्याला स्वतःला केव्हाही मोकळे करता येणे येथे अनिवार्य असते.

साहित्याच्या दोऱ्या – मासेमारीचा गळ, पाणी उपसण्याचे भांडे, कॅमेरा इत्यादी वस्तू नावेला बांधण्यासाठी त्या वापरल्या जातात. प्रत्येक वस्तूला स्वतंत्र दोरी लावल्यास नाव उलटल्यावर चालकाभोवती दोऱ्यांचे जाळे तयार होते. म्हणून त्यांची संख्या कमी आणि लांबी आखूड ठेवतात.

रचना

सुरक्षादोरीचे मुख्य भाग चार असतात : नावेला किंवा वल्ह्याला जोडणारा फास, प्रत्यक्ष दोरी, पीळ पडू नये म्हणून बसवलेली फिरती कडी आणि शरीरावरील पट्टा. दोरी सरळ किंवा सर्पिलाकार असते. सरळ दोरी पाण्यात लोंबते व ओढली जाते. सर्पिलाकार दोरी स्वतःच आखडून घेत असल्याने पायात कमी येते. मात्र जास्त ताणली गेल्यास ती जोराने परत येऊ शकते. पट्टा बंद करण्यासाठी वेल्क्रो किंवा बकल वापरतात. खाऱ्या पाण्यात धातूची कडी गंजून अडकते, त्यामुळे गंजरोधक पोलाद किंवा टणक प्लॅस्टिक यांना पसंती दिली जाते.

सुरगाठ आणि निरगाठ

मराठीत गाठींचे सुरगाठ आणि निरगाठ असे दोन प्रकार सांगितले जातात. सुरगाठ एक टोक ओढताच सुटते; निरगाठ जितकी ओढावी तितकी घट्ट होते. सुरक्षादोरीच्या रचनेतील मुख्य भेद याच दोन शब्दांत सांगता येतो. घोट्याला वेल्क्रोच्या पट्ट्याने बांधलेली दोरी शांत पाण्यात सहज सोडता येते. परंतु प्रवाहाचा ताण पडला आणि घोटा हाताच्या आवाक्याबाहेर गेला की व्यवहारात ती निरगाठच ठरते.

यावर उपाय म्हणून चटकन सुटणारा कमरपट्टा वापरतात. हा पट्टा लाइफ जॅकेटच्या बाहेरून, सर्वांत वर बांधला जातो. पट्ट्याच्या मोकळ्या टोकाला मोठा मणी किंवा मूठ असते आणि ती शरीराच्या पुढील बाजूस राहील अशी बांधतात. मणी ओढताच पट्टा उघडतो, दोरीची कडी त्यावरून घसरून निघते आणि चालक मोकळा होतो. मणी दोन्ही हातांनी, डोळे मिटून आणि डोके पाण्याखाली असताना सापडला पाहिजे, हा या रचनेचा निकष आहे. पट्ट्याचे टोक खोचून ठेवणे, त्याला गाठ मारणे किंवा त्यावरून जाकीट घालणे यामुळे ही सोय निरुपयोगी होते.

वाहत्या पाण्यातील धोका

स्थिर पाण्यात चालक आणि नाव दोघेही मोकळे तरंगतात, त्यामुळे दोरीवर येणारा ताण अल्प असतो. वाहत्या पाण्यातही दोघे एकत्र वाहत असेपर्यंत विशेष अडचण येत नाही. धोका उद्भवतो तो दोघांपैकी एक अडकल्यावर. पडलेल्या झाडाच्या एका बाजूने नाव आणि दुसऱ्या बाजूने माणूस गेला, की दोरी फांदीवर अडकते आणि पुढून येणाऱ्या पाण्याचा सगळा जोर शरीरावर येतो. पुलाचे खांब, खडक आणि बंधाऱ्याचे खांब यांबाबतही हेच घडते.

हा जोर प्रवाहाच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला तर जोर चौपट होतो. शरीराचे प्रवाहाला अडवणारे क्षेत्रफळ अर्धा चौरस मीटर आणि रोधगुणांक १ धरून केलेला ढोबळ हिशेब पुढीलप्रमाणे येतो. प्रवाहाचा वेग सेकंदाला १ मीटर, म्हणजे सावकाश चालणाऱ्या माणसाइतका असेल, तर शरीरावर सुमारे २५० न्यूटन, म्हणजेच अंदाजे २५ किलोग्रॅम वजनाइतका जोर येतो. वेग सेकंदाला २ मीटर झाल्यास तो १,००० न्यूटन म्हणजे सुमारे १०० किलोग्रॅम, आणि ३ मीटर झाल्यास २,२५० न्यूटन म्हणजे सुमारे २३० किलोग्रॅम वजनाइतका होतो. घोट्याला दोरी बांधलेल्या माणसाचा पाय प्रवाहाच्या वरच्या बाजूला ताणला जातो आणि धड खालच्या बाजूला वाहते. पट्टा सोडण्यासाठी त्याला एवढ्या जोराविरुद्ध पोटातून वाकून पायापर्यंत पोहोचावे लागेल. धडधाकट आणि पट्टीच्या पोहणाऱ्यालाही हे अशक्यप्राय असते. लाइफ जॅकेटची तरणशक्ती या जोरापुढे अपुरी पडते आणि डोके पाण्याखाली जाऊ शकते. मणी कमरेपाशी असल्यास मात्र हात तेथे पोहोचतो. कमरपट्ट्याचे महत्त्व यातच आहे.

आडव्या बंधाऱ्यांजवळ आणखी एक धोका असतो. बंधाऱ्यावरून पडणारे पाणी पायथ्याशी उलटे फिरते आणि तेथे सापडलेली वस्तू पुन्हा पुन्हा भिंतीकडे खेचली जाते. तेथे नावेशी बांधलेला माणूस त्या चक्रातून सुटू शकत नाही. वरच्या बाजूने पाहणाऱ्याला पाण्याची कड सपाट व निरुपद्रवी दिसत असल्यामुळे हा धोका उशिरा लक्षात येतो.

हॅव्हरफर्डवेस्ट दुर्घटना

३० ऑक्टोबर २०२१ रोजी वेल्समधील हॅव्हरफर्डवेस्ट या गावी क्लेडाउ नदीत उभ्याने वल्हवण्याच्या फळ्यांवरून निघालेली एक सहल गावातील बंधाऱ्यावरून खाली गेली आणि चौघांचा मृत्यू झाला. पावसामुळे नदीला जोराचा प्रवाह होता. ब्रिटनच्या सागरी अपघात अन्वेषण शाखेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात सहलीच्या नियोजनातील त्रुटींबरोबरच वापरलेल्या दोऱ्या वाहत्या पाण्यासाठी योग्य प्रकारच्या नसल्याकडे लक्ष वेधण्यात आले. दुर्घटना फळ्यांची असली, तरी त्यातील दोरीचा प्रश्न कयाकला जसाच्या तसा लागू होतो. सुरक्षेचे साधन अंगावर असणे आणि ते त्या पाण्यासाठी योग्य असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या घटनेने ठळकपणे पुढे आणले.

पाण्याच्या स्वरूपानुसार वापर

तलाव व जलाशय – वारा असल्यास वल्ह्याची किंवा नावेची दोरी वापरता येते. पाण्यात बुडालेली झाडे किंवा मासेमारीची जाळी असतील, तर घोट्याऐवजी कमरेचा पट्टा योग्य ठरतो.

खुला समुद्र – उघड्या बैठकीच्या कयाकमध्ये व सर्फ-स्कीमध्ये नावेची दोरी वापरण्याची शिफारस केली जाते. बंद बैठकीच्या कयाकमध्ये वल्ह्याची दोरी आणि नावेच्या मागील भागावर बांधलेले दोन तुकड्यांचे जादा वल्हे, अशी व्यवस्था प्रचलित आहे.

फुटणाऱ्या लाटा – किनाऱ्याजवळ लाटा फुटतात त्या पट्ट्यात कयाकचालक वल्ह्याची दोरी सहसा काढून ठेवतात. लाटेत गरगर फिरणारी नाव, वल्हे आणि दोरी यांच्या कचाट्यात सापडण्यापेक्षा वल्हे गमावणे परवडते.

खाडी व नदीमुख – भरती-ओहोटीच्या वेळी हे पाणी नदीसारखे वाहते. पाण्यात खांब, नांगरलेल्या होड्या व जाळी असल्याने येथे केवळ चटकन सुटणारा कमरपट्टाच वापरावा, असे मानले जाते.

खळाळती नदी – कयाकमध्ये वल्ह्याची किंवा शरीराची कोणतीही दोरी न वापरणे हा सर्वमान्य संकेत आहे. येथे नाव सोडून देणे आणि स्वतः काठाला लागणे हेच सुरक्षित मानले जाते. प्रशिक्षित बचावकर्ते लाइफ जॅकेटवर बसवलेला, ओढताच सुटणारा विशेष पट्टा वापरतात. त्यासाठी वेगळे प्रशिक्षण लागते.

महाराष्ट्र व गोव्यातील स्थिती

महाराष्ट्र व गोव्यात कयाकिंग तीन निरनिराळ्या प्रकारच्या पाण्यात चालते, आणि तिन्ही ठिकाणी दोरीविषयीचा निर्णय वेगळा असतो. रायगड जिल्ह्यातील कोलाड येथे कुंडलिका नदीतील खळाळता प्रवाह भिरा येथील जलविद्युत प्रकल्पातून सोडल्या जाणाऱ्या पाण्यावर अवलंबून असतो. पाणी सुटल्यावर शांत दिसणारे पात्र थोड्याच वेळात वाहते होते. तळ्यातील सवयीने बांधलेली दोरी अशा ठिकाणी घातक ठरू शकते.

सिंधुदुर्गातील तारकर्लीजवळचे कर्ली नदीचे मुख तसेच गोव्यातील साळ, मांडवी व चापोरा या नद्यांचे खाडीपात्र यांत वरवर पाणी संथ असते. ओहोटीच्या वेळी मात्र ते समुद्राकडे वेगाने वाहते. कांदळवनाची मुळे आणि मासेमारीसाठी रोवलेले खुंट यांत दोरी गुंतू शकते. कोकण किनाऱ्यावर रात्री व पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात, तर दिवसा समुद्राकडून खारे वारे येतात. पहाटे निघालेल्या कयाकचालकाची नाव सुटली, तर मतलई वारा तिला किनाऱ्यापासून दूर नेतो. ओहोटी आणि मतलई वारा एकाच वेळी असल्यास हा धोका वाढतो.

पठारावरील नद्यांवर अनेक ठिकाणी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. त्यांच्या दगडी खांबांमधील बरगे पावसाळ्यात काढून ठेवतात आणि पावसाळा संपल्यावर पुन्हा बसवतात. बरगे काढलेले असताना खांबांमधील अरुंद गाळ्यांतून पाणी वेगाने वाहते. नाव एका गाळ्यातून आणि चालक शेजारच्या गाळ्यातून गेल्यास दोरी खांबाला अडकते. बरगे बसवलेले असताना त्यांवरून पाणी पडत असेल, तर पायथ्याशी वर वर्णिलेले चक्र तयार होऊ शकते. त्यामुळे बंधारा आला की बरेच आधी काठाला लागून नाव उचलून पलीकडे नेणे हाच मार्ग उरतो.

सराव व देखभाल

दोरी सोडण्याचा सराव कमरेइतक्या शांत पाण्यात, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली केला जातो. साथीदार दोरी ओढून धरतो आणि चालक प्रथम उजव्या, नंतर डाव्या हाताने आणि शेवटी डोळे मिटून पट्टा सोडतो. ताण नसताना सुटणारा पट्टा ताणाखाली सुटेलच असे नाही, म्हणून ताण देऊन पाहणे आवश्यक असते. अनुभवी कयाकचालक लाइफ जॅकेटवर हाताला येईल अशी लहान सुरीही ठेवतात.

ऊन, खारे पाणी आणि वाळू यांमुळे दोरी खराब होते. वापरानंतर ती गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवतात. वेल्क्रोमध्ये बसलेली वाळू, फिरत्या कडीवरील गंज, दोरीवरील चिरा आणि विरलेली शिवण यांची प्रत्येक वेळी तपासणी करतात. चिरलेली दोरी गाठ मारून पुन्हा वापरत नाहीत, कारण गाठ फटीत अडकते.

मर्यादा

सुरक्षादोरी ही लाइफ जॅकेटला पर्याय नाही. जॅकेट माणसाला तरंगत ठेवते. दोरी केवळ नाव किंवा वल्हे जवळ ठेवते. हवामानाचा व भरती-ओहोटीचा अंदाज, सोबतीची दुसरी नाव, शिट्टी आणि उलटलेल्या नावेत पुन्हा चढण्याचे कौशल्य यांची जागाही ती घेऊ शकत नाही. दोरी बांधलेली असली, तरी पाण्यात पडताच नाव हाताने धरणे हाच पहिला नियम शिकवला जातो. एकाच सहलीत पाण्याचे स्वरूप बदलत असल्यास दोरीचा निर्णयही वाटेत बदलावा लागतो : जलाशयात बांधलेली दोरी नदीचा प्रवाह लागण्यापूर्वी काढून ठेवणे, हा तिच्या वापराचाच एक भाग मानला जातो.

हेही पाहा

कयाक
लाइफ जॅकेट
सर्फिंग
खारे वारे व मतलई वारे
कोल्हापूर पद्धतीचा बंधारा